पंखा आणि माश्यांचा पिंजरा

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागून एक अरुंद गल्ली गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरते. त्या गल्लीच्या टोकाला खंडेराव टांगेवाल्यांची पागा होती. पागा म्हणायची एवढंच. एक घोडी, एक टांगा आणि दोघांवर मिळून एक पत्र्याचं छप्पर. पागेला लागून राहायच्या दोन खोल्या आणि पुढे ओटी. घोडीची लीद, भिजत घातलेला हरभरा आणि बाजारातून येणारा भाजीचा कचरा, यांमुळे या घरात बारा महिने माश्या असत. वैशाखात आंबे सुरू झाले की त्यांना सुमार राहत नसे.

छत्तीस साली खंडेरावांनी पासष्टी ओलांडली होती. नाशिकरोडच्या स्टेशनावरून यात्रेकरू घ्यायचे आणि रामकुंडावर सोडायचे, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ताट दिसे, पण ताटावर बसलेली माशी दिसत नसे. एकदा वरणात पडलेली माशी घासाबरोबर गेली. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं, आणि त्यानंतर दोन दिवस म्हातारा दिवसाउजेडी जेवायला बसेना. तिसऱ्या दिवशी थोरली सून धोंडाबाई ताडाचा पंखा घेऊन त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही जेवा मामंजी. एक माशी बसू देणार नाही.”

ती चार वर्षं तशी रोज बसत होती.

धोंडाबाई गिरणाऱ्याची. बाराव्या वर्षी या घरात आली, आणि नवरा, नाथा, तापाने गेला तेव्हा तिला तेविसावं होतं. मूलबाळ नव्हतं. भाऊ न्यायला आला होता. खंडेराव त्याला म्हणाले, “तिला विचार.” धोंडाबाईने चुलीवरची भाकरी उलटली आणि भावाला जेवून जा म्हणाली. ती इथेच राहिली. बाई कामाला चोख होती. कोणाला किती भाकरी लागतात, कोणाचा तांब्या कोणता, घोडीला काळा गूळ कधी द्यायचा, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. कुणी केलेला उपकार ती विसरत नसे, आणि कुणी टाकलेला शब्दही नाही. हेवा तिला वाटे तो फार लहान गोष्टींचा. शेजारणीच्या नव्या लुगड्याकडे ती ढुंकून बघणार नाही. पण सकाळी मामंजींनी पाणी मागण्याआधी घोडीच्या मानेवर हात फिरवला, तर तेवढं तिच्या लक्षात राही.

त्या काळी अशा घरांत सुनेने सासऱ्यासमोर रिकामं बसायची रीत नव्हती. डोईवर पदर घेऊन ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, आणि दाराआड जायचं. हाक आली तर पुढे यायचं. धोंडाबाईच्या हातात पंखा होता म्हणून तिला ती अर्धी घटका तिथे बसता येई. आणि जेवताना म्हातारा बोले. कोणत्या चढावर घोडी अडायची, इंदूरकडच्या यात्रेकरूंचं भाडं ठरवताना काय गंमत झाली, असलं काही. बोलता बोलता कधी नाथाचं निघे. नाथा आठ वर्षांचा असताना टांग्यात झोपला आणि बापाच्या लक्षात न येता स्टेशनापर्यंत जाऊन परत आला, ही गोष्ट तिने वीस वेळा तरी ऐकली असेल. घरात दुसरं कुणी आता नाथाचं नाव काढत नसे. पुंजाराम, तिचा दीर, टांगा हाकून दमून यायचा. त्याला मेलेल्या भावाची आठवण काढायला सवड नव्हती. पंख्याखालची ती अर्धी घटका गेली असती, तर धोंडाबाईचा नवरा त्या घरातून दुसऱ्यांदा गेला असता.

गेल्या फाल्गुनात पुंजारामचं लग्न झालं. त्याची बायको बायडाबाई लासलगावची. तिचा बाप तिथल्या कांद्याच्या बाजारात तोलारी होता. कांद्याची पोती शिवत शिवतच ती मोठी झाली होती, त्यामुळे दाभण तिच्या हातात चमच्यासारखा फिरे. सतरा वर्षांची होती. हसली की सगळे दात दिसत, आणि ती हसायचीही फार.

एका दुपारी धोंडाबाई पंखा खाली ठेवून मनगट चोळत होती. ते बायडाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने अडगळीतून गंजलेला रॉकेलचा डबा काढला आणि गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं काम करणाऱ्या हनीफकडून त्याचा तळ आणि दोन बाजू कापून घेतल्या. पुंजारामच्या फाटक्या धोतराचा विरलेला तुकडा त्या मोकळ्या बाजूंवर ताणून शिवला. पिठाची एक चाळण बुडाशी फाटली म्हणून टाकून दिलेली होती. तिची तारेची जाळी सोडवून, नरसाळ्यासारखी गुंडाळून, टोकाला हरभऱ्याएवढं भोक ठेवून ती डब्याच्या तळातून वर तोंड करून बसवली. डबा विटांच्या तीन तुकड्यांवर खिडकीत ठेवला. खाली द्रोणात आंब्याची साल, गूळ आणि थोडं नासलेलं दूध.

धोंडाबाई भाकऱ्या थापत सगळं बघत होती.

“हे काय गं?”

“माश्यांचा पिंजरा, जाऊबाई. आमच्या बाजारात एका डॉक्टरानं पडद्यावर चित्रं दाखवली व्हती, पटकीच्या साथीत. माशी खालून खायला येती. खाऊन झालं की उजेडाकडं वर उडती, भोकातनं आत जाती. परत खाली यायचं तिला सुचत नाय.” मग हसून म्हणाली, “तुमचा हात किती दुखत असंल.”

“माझा हात दुखतो असं मी कुणाला सांगितलं?”

बायडाचं हसू जरा मावळलं. पण डबा तिने हलवला नाही.

संध्याकाळपर्यंत धोतराच्या कापडाआड काळं काळं वळवळू लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डबा गुणगुणत होता. बायडाने तो उकळत्या पाण्यात बुडवला, उकिरड्यावर रिकामा केला आणि पुन्हा मांडला. तिसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. पुंजाराम टांग्यातल्या उतारूंना सांगू लागला की आमच्या घरात लासलगावचं यंत्र बसवलंय. आणि चौथ्या दिवशी जेवताना खंडेराव थांबले. मान वळवून त्यांनी कानोसा घेतला.

“धोंडा, पंखा थांबव बरं.”

तिने थांबवला.

“माश्या कुठं गेल्या?”

“बायडानं डबा केलाय ना.”

“हुशार हाय पोरगी,” म्हातारा म्हणाला. मग घास गिळून म्हणाला, “मग तू कशाला अडकून बसतीस? जा, तुझं आवर.”

त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. धोंडाबाई उठली. पंखा तिने खुंटीला अडकवला आणि आतल्या दाराआड जाऊन उभी राहिली. उरलेलं जेवण म्हाताऱ्याने एकट्याने केलं, काही न बोलता. दारातून तिला त्यांची पाठ दिसत होती. भिंतीशी बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्या दिवसापासून तिला डब्याचा राग यायला लागला, जसा जित्याजागत्या माणसाचा येतो. येताजाता ती त्याच्याकडे बघे. एकदा केर काढताना तिने डबा खिडकीतून उचलून हंड्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. अंधारात माशी वर उडत नाही; दिवसभरात मोजून दहा अडकल्या. संध्याकाळी बायडाने डबा मुकाट्याने परत खिडकीत आणला आणि म्हणाली, “उजेड लागतो त्याला, जाऊबाई.” धोंडाबाई म्हणाली, मला काय ठाऊक, मी काय डॉक्टराची चित्रं पाहिलीत. ओटीवर बसलेले खंडेराव यावर हसले, आणि ते बायडाच्या बाजूने हसले असं धोंडाबाईला वाटलं. तिला त्या रात्री भाकरी गेली नाही.

दुसऱ्या सकाळी घोडीला गूळ देताना तिला ती युक्ती सुचली. घोडीचा गूळ काळा, ओलसर, आंबूस वासाचा; बाजारात खाली राहिलेला स्वस्तात मिळे. त्यातला सुपारीएवढा खडा तिने पाण्यात कालवला. सासऱ्याचा पाट ओटीवर मांडायच्या आधी तो उलटा केला आणि खालच्या बाजूने, कडेकडेने, बोटाने गूळ फिरवला. थोडा पाटाशेजारच्या शेणाच्या जमिनीलाही लावला. नऊ वर्षांच्या वैधव्यात तिने चोरून काही केलं असेल तर हेच.

माश्या आल्या. डब्याखालची आंब्याची साल खिडकीत वाळत होती आणि इथे ओला गूळ होता. खंडेरावांनी पहिला घास घेतला आणि हात झटकला. “आज परत कुठनं आल्या ह्या?” धोंडाबाई दाराआडून पंखा घेऊनच बाहेर आली, तो तिने केव्हाच खुंटीवरून काढला होता. “बसते मामंजी,” ती म्हणाली. “यंत्राचं काय, आज चालतं, उद्या नाही.” म्हातारा जेवला, आणि जेवता जेवता त्याने स्टेशनावरच्या जुन्या पाणक्याची गोष्ट अर्धी सांगितली. बायडा आतून गोंधळून डब्याकडे बघत होती.

दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी मुंगळे आले.

गुळाला माश्या येतात तसे मुंगळेही येतात, हे धोंडाबाईला काय ठाऊक नव्हतं? तिच्या फडताळात गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवलेला असे. पण त्या तीन दिवसांत तिला माश्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. खंडेराव पाटावर बसले, चार घास झाले, आणि एकदम ओरडून उठले. ताट उलटं झालं. वरण ओटीवरून खाली गेलं. पाटाच्या फटीतून मुंगळ्यांची रांग वर आली होती आणि म्हाताऱ्याच्या पोटऱ्यांना, मांडीला ते डसले होते. त्यांना तर एकही दिसत नव्हता. ते नुसतेच आपले पाय झाडत उभे होते. धोंडाबाईने आणि बायडाने दोघींनी मिळून मुंगळे ओढून काढले. ओढताना मुंडकी तुटून कातड्यातच राहत होती.

तेवढ्यात पुंजाराम घोडी सोडून आत आला. बापाची दशा पाहून त्याने बायकोकडे बघितलं.

“तुझं गूळपाणी,” तो म्हणाला. “घरभर सांडून ठेवलंय.”

बायडा म्हणाली, “माझा द्रोण खिडकीत हाय. पाट इथं.” पण त्याने ऐकलं नाही. त्याने खिडकीतला डबा उचलला, अंगणात आपटला आणि पाय दिला. जाळी चपटी झाली, धोतराचं कापड टर्रकन फाटलं. मग ते सगळं लिदीच्या खड्ड्यात फेकून दिलं. काल उतारूंना आपण काय सांगत होतो हे त्याला आठवलं असेल तर त्याने ते दाखवलं नाही.

धोंडाबाई उलट्या ताटापाशी उकिडवी बसली होती. बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. बायडा एकदाच तिच्याकडे बघून आत गेली. धोंडाबाईने ताट उचललं, ओटी सारवली, पाट विहिरीवर नेऊन कडुनिंबाच्या पाल्याने घासला.

दुसऱ्या दिवशी माश्या घरात परत आल्या. धोंडाबाई पंखा घेऊन पोत्यावर बसली. तिचं सगळं तिला परत मिळालं होतं. खंडेराव जेवायला बसले, जेवले, हात धुऊन उठले. एक शब्द बोलले नाहीत. तिला वाटलं, मुंगळ्यांनी अंग ठणकत असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. तिने आपणहून विचारलं, तो पाणक्या पुढे कुठे गेला? “असंल कुठंतरी,” म्हातारा म्हणाला. तिसऱ्या दिवशी पंखा हलत होता, माश्या उडत होत्या, आणि मध्ये चघळण्याचा आवाज तेवढा होता. हातभर अंतरावर बसून माणूस इतकं लांब असू शकतं, हे तिने नाथाच्या आजारातच एकदा पाहिलं होतं.

“मामंजी,” ती म्हणाली. “भाजी तिखट झाली का?”

“नाय.”

पंखा थांबला.

“तो गूळ मी लावला होता. पाटाला.”

खंडेरावांनी तोंडातला घास संपवला. पाणी प्याले.

“घोडीचा व्हता,” ते म्हणाले. “बायडीच्या द्रोणात पिवळा असतो. चाळीस वर्षं तो काळा गूळ ह्या हातानं घोडीला चारलाय मी. डोळे गेलेत, नाक नाय गेलं.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?”

“पाटावरनं उठलो तेव्हाच.”

“मग बोलला का नाही?”

“मी बोललो असतो तर पुंजानं तुला झापली असती, आन् तू रडली असतीस, आन् संपलं असतं. तुझं तू बोलायला पायजे व्हतं.” ताटातल्या भाकरीचा तुकडा त्यांनी चाचपून घेतला. “का लावलास ते इचारत नाय मी. मला नको सांगू आता. जिच्या डोक्यावर खापर फोडलंस तिला सांग.”

बायडा पागेत होती. घोडीसाठी हरभरा निवडत, सूप मांडीवर घेऊन बसली होती. धोंडाबाईने उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर तिला बोलता आलं नसतं. बायडाचे हात सुपात थांबले.

“मला वाटलंच व्हतं,” ती म्हणाली.

“मग भाऊजींना सांगितलं का नाहीस?”

“माझं कोण ऐकतंय? मामंजी माझ्याशी काय बोलतात? ‘पाणी’ आन् ‘मीठ’. तुमच्याशी रोज एवढ्या गोष्टी करतात, हसतात. मी आत भाकरी करत ऐकती.” ती खाली बघून खडे वेचू लागली. “माश्यांचं मला काय व्हतं, जाऊबाई? आमच्या लासलगावात काय कमी माश्या हायेत? म्हटलं, माश्या गेल्या की तुमचा पंखा सुटंल. तुम्ही उठाल. मग मी बसीन.”

धोंडाबाईला आधी राग आला. आपल्या जागेवर टपून बसलेली ही सतरा वर्षांची पोर! पण राग तिच्या ओठापर्यंत पोचला नाही. आपल्याला लोकांचा हेवा वाटतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आपला कुणी हेवा करावा असं आपल्याजवळ काही आहे, हे मात्र बत्तिसाव्या वर्षापर्यंत तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने सुपाची दुसरी कड धरली आणि खाली बसली. दोघींनी हरभरा निवडून संपवला.

संध्याकाळी तिने पुंजारामलाही सांगितलं. तो “वहिनी, तुम्ही?” एवढंच म्हणाला. मग त्याने घोडीला खरारा केला, नेहमीपेक्षा बराच वेळ. आणि कुणी न सांगता लिदीच्या खड्ड्यातून डबा काढून, धुऊन, ओटीवर आणून ठेवला. बायडाने जाळी हाताने गोल केली. कापड फाटलं होतं, तिथे धोंडाबाईने आपल्या जुन्या लुगड्याचा पातळ पदर फाडून दिला. दाभण मात्र बायडाच्याच हातात राहिला. धोंडाबाईचे टाके वाकडे येत, आणि हे बायडाने हसत बोलून दाखवलं. धोंडाबाईला ते झोंबलं. तिने ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी ओटीवर माशी नव्हती. धोंडाबाईने पाट मांडला, ताट वाढलं, तांब्या ठेवला, आणि दाराकडे वळली.

“धोंडा,” खंडेराव म्हणाले. “बस.”

“माश्या नाहीत मामंजी.”

“दिसतंय मला,” म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. “बस तू.”

ती पोत्यावर बसली. हातात काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. तिने ते आधी मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले. सासऱ्यासमोर रिकामी बसलेली सून गल्लीतून कुणी पाहिली तर काय म्हणेल, असंही तिच्या मनात आलं. खंडेरावांनी भाकरी मोडली आणि पाणक्याची अर्धी राहिलेली गोष्ट जिथे सोडली होती तिथून धरली.

बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. दाराच्या चौकटीला टेकून बायडा उभी होती, पीठ लागलेले हात तसेच धरून. तिचा चेहरा धोंडाबाईने ओळखला. या घरात तसा चेहरा आजवर आपलाच असतो असं ती समजत होती.

थोडा वेळ धोंडाबाईने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. चांगला बराच वेळ. पाणक्या मनमाडच्या गाडीत बसेपर्यंत. मग ती पोत्यावर थोडी सरकली, आणि तिकडे न बघताच शेजारच्या मोकळ्या जागेवर हाताने थोपटलं.